पालथा दगड

मोजणीचे साहेब उद्या अकराला येणार होते. ठाण्याच्या वेशीवरचं ते तळं बुजवून तिथे गोदाम व्हायचं होतं, आणि तळं जुनं आहे याला गावाकडे कागदाचा चिटोराही नव्हता. म्हणून शाळेतले गुप्ते मास्तर चार दिवस काठाकाठाने दगड धुंडाळत होते. तिथे रोज धुणं धुणाऱ्या बायांना विचारायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

"शिलाहार राजांची राजधानी ही," ते मदतीला आलेल्या गुणाजीला पुन्हा सांगत होते. "राजाने तळं दिलं असेल, तर लेखाचा दगड असणारच."

गुणाजीची आई, रंगूबाई, कपडे आपटता आपटता थांबली. "मास्तर, यो माजा धुन्याचा धोंडा बघा. पन वरून नाय, खालून."

"खालून काय आहे?"

"लाजंचा चित्र. सुना-लेकी पान्याला येतात, म्हनून माजे सासूनं पालथा केलान. तवापासून यावरच धुनी धुतो."

गुणाजीने पहार लावली. दगड आधी हललाच नाही, मग एकदम उलटला.

वर चंद्रसूर्य, मध्ये अक्षरं, जशीच्या तशी. खाली एक गाढव आणि एक बाई. त्यापुढचं सांगायला मास्तरांची जीभ रेटेना. पाणी भरणाऱ्या बायांनी तोंडं फिरवली आणि मग एकेकीने हळूच वळून पाहिलं.

मास्तर चिखलात गुडघे टेकून ओळीवरून बोट फिरवत राहिले. फार वेळ गेला. कुणी घागर उचलली नाही.

"गावालाच दिलंय तळं," ते म्हणाले. "नऊशे वर्षं झाली."

"न् चित्राचा काय?"

"शिवी आहे ती, बाई. राजाने घातलेली." मास्तरांचे कान लाल झाले. "जो कुणी हे तळं मोडेल, त्याच्या आईला."

रंगूबाई त्या गाढवाकडे बघत राहिली. "म्हंजे आमची लाज नाय ती?"

"छे! तुमची कशी?"

तिने घागरभर पाणी ओतून दगड स्वच्छ धुतला. मास्तर अर्ज लिहायला उठले. गुणाजी दगड उभा करू लागला, तळ्याकडे तोंड करून.

"तिकडं नको," रंगूबाई म्हणाली. "रस्त्याकडं कर. साहेब तिकडूनच येतील."