ढालीची उजवी बाजू

"ओपांनी सांगितलं तसंच रंगवलं गं मी," कांचन इशिताला म्हणाली आणि प्लायवूडची ढाल तिने ओट्यावर टेकवून उभी केली.

ओपा म्हणजे तिचे सासरे. जर्मनीतल्या एका लहानशा खेड्यातून तरुणपणी ऑकलंडला आलेले. नातवंडांचं ऐकून कांचनही त्यांना ओपाच, म्हणजे आजोबा, म्हणे. वाढदिवसाला त्यांच्या दारावर गावचं मानचिन्ह लावायचं, म्हणून तिने ते त्यांनाच विचारून घेतलं होतं. हिरवी ढाल, मधून वाहणारा चंदेरी ओढा, उजवीकडे नांगराचा फाळ, डावीकडे ओकचं पान. रंग वाळल्यावर दाखवलं, तर म्हणाले, उलटं झालं. मग फाळ हवा कुठे, तर म्हणे, उजवीकडे.

"डावं-उजवं कळेनासं झालंय त्यांना. उद्या मेमरी क्लिनिकमध्ये हेच सांगणार. मागच्या अंगणातल्या स्लीपआउटच्या खोलीत एकटं राहणं आता बास. वृद्धांचं होमच बघावं लागणार."

इशिता माउंट वेलिंग्टनच्या क्लिनिकमध्ये एक्स-रे काढायची. ड्यूटी संपवून ती परस्पर मैत्रिणीकडे न्यू लिनला आली होती. तिने ढालीकडे पाहिलं, मग ओपांकडे. ते खिडकीशी चहा ढवळत बसले होते. मराठी कळत नसलं, तरी बोलणं आपल्याबद्दल चाललंय हे त्यांना कळत होतं.

त्यांच्याजवळ जाऊन तिने इंग्रजीत विचारलं, "ओपा, उजवीकडे म्हणजे कुणाच्या?"

डोकं तपासायची गरज हिलाच आहे, अशा नजरेने ओपांनी तिच्याकडे पाहिलं.

"जो ढाल धरतो त्याच्या. समोरून बघतो तो शत्रू."

इशिताला हसू आलं. "आमच्या फिल्मवरही हृदय बघणाऱ्याच्या उजव्या हाताला दिसतं," ती कांचनला म्हणाली. "रिपोर्टमध्ये आम्ही डावीकडेच लिहितो. पेशंटच्या बाजूने."

कांचनने ढाल उचलली आणि चित्र बाहेर ठेवून छातीशी धरली. फाळ तिच्या डाव्या हाताशी आला.

"उद्या किती वाजता निघायचं?" ओपांनी विचारलं.

कांचन इतका वेळ त्यांच्या समोर उभी होती. ढाल तशीच धरून ती त्यांच्या खुर्चीपाशी आली, वळली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.