कुंद्यातली खळी

चांगू मिस्त्रीनं रायफल दाराच्या उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं आणि ती पुन्हा गोणपाटावर ठेवली.

सोनाली त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून त्यांची रायफल महाडला चांगूच्याच दुकानात जमा होती. आता ती वारसाच्या नावावर करायची, नाहीतर सरकारजमा करायची, आणि सरकारजमा म्हणजे एक दिवस भंगार. मुंबईच्या किशोरदादानं फोनवर हात झटकले होते. मला ते टेन्शन नको, तूच बघ. सोनालीला ती हवी होती. फक्त दुरुस्त होण्यासारखी आहे का, तेवढं आज कळायचं होतं.

संमतीची सही करायला आई, गोदूबाई, सकाळच्या एसटीनं कापड्याहून आली होती. डाव्या हातात चहाचा पेला धरून ती बाकावर रस्ता बघत बसली होती.

"देऊन टाक गो," ती आल्याआल्या म्हणाली होती. "माणूस गेला. आता लोखंड राखून काय करायचं हाय?"

चांगूनं चष्मा कपाळावर सरकवला. नळी आतून गंजानं खाल्ली होती. वरचा काळा मुलामा उडाला होता. घोड्याची स्प्रिंग मेली होती. तो एकेक सांगत गेला.

सोनालीला ते ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. गंजाच्या त्या वासानं ती कधीच माळ्यावर जाऊन पोचली होती. भात पोटरीला आलं की बाबा शेताच्या कडेला राखणीचा माळा बांधायचे. पहाटे नदीकडून धुकं चढत यायचं आणि माळा त्यात होडीसारखा तरंगायचा. आईबाबांच्या मधोमध, गोधडीत ती. खाली भातात काहीतरी खसखसायचं. मग बाबांचे दोन्ही तळवे तिच्या कानांवर यायचे. ऊबदार, तंबाखूच्या वासाचे. त्या तळव्यांच्या आत समुद्र घुमायचा आणि कुठेतरी फार लांब वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज व्हायचा. ती पुन्हा झोपून जायची. उजाडल्यावर बांधावर डुक्कर पडलेलं असायचं.

एवढ्याशा गोळीनं डुक्कर पडायचं, तर ती कानामागंच बसावी लागते. पार पोलादपूरपर्यंत बाबांच्या, सयाजीच्या, नेमाचं नाव होतं. मटणाचे वाटे घरोघर जायचे, मुंडी बंदुकीच्या घरी यायची. ज्याच्या गोळीनं जनावर पडलं, पहिला घास त्याचा, अशी वाडीची रीत. बाबा मात्र तो पहिला घास आईच्या ताटात वाढायचे आणि ती जेवून उठेपर्यंत भाकरीला हात लावायचे नाहीत. शेजारची काशीबाई पदर तोंडाला लावून म्हणायची, "सयाजी, उद्यापासून चूल पण तूच पेटव रे." बाबा नुसते हसायचे. तसा माणूस फार हळवा. घरात कोंबडी कापायची असली की गोठ्यात जाऊन बसायचा. डुकराला भीत नाय आणि कोंबडीला भितो, म्हणून लोक चिडवायचे.

आईनं रायफलीला कधी हात लावल्याचं सोनालीला आठवत नव्हतं. बाईमाणसानं शस्त्राला शिवायचं नाही. दसऱ्याला सुद्धा ती लांबूनच झेंडूचं फूल टाकायची.

"ही रिकामी फार चालवलीय कुणीतरी," चांगू म्हणत होता. "या बंदुकीत ठोका काडतुसाच्या कडेवर बसतो. काडतूस नसताना चाप ओढला की खिळा नळीच्या तोंडावर आपटतो. इथं बघा, खाच पडलीय. घरात बसून हात बसवत होतं कोणी."

"बाबा कुठले?" सोनाली म्हणाली. "ते दिवसभर शेतात. घरी फक्त आई असायची."

"मग पोरांनी चाळा केला असेल." चांगूनं रायफल उलटी केली आणि खांद्याला लावायच्या लाकडी कुंद्यावरून अंगठा फिरवला. "आणि ही खळी बघा. वर्षानुवर्षं गाल टेकून पडते अशी. पण पडलीय उजव्या अंगाला. म्हणजे डाव्या खांद्याला लावणारा माणूस. बाबा डावखुरे होते का?"

"नाही."

"मग सेकंडहँड घेतली असणार. ती आधीच्या मालकाची खळी."

सोनालीनं तोंड उघडलं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला बाबांनी ती कोरी आणली होती. तेलकागदातून काढतानाची गोष्ट ते हजारदा सांगायचे. म्हणजे तीही नुसती गोष्टच होती. बाबांचा गाल जिथे टेकला असेल असं तिला वर्षभर वाटत होतं, ती जागा कुणा परक्याची निघाली होती. एवढ्यासाठीच ती रायफल हवी होती, हे तिला आत्ता कळलं.

"माझं ऐका," चांगू समजुतीनं म्हणाला. "नळीला अस्तर घालता येईल, स्प्रिंग नवी टाकू. पण हा कुंदा काढून सागाचा नवा बसवावा लागेल, तुमच्या मापाचा. मग जुनं असं काय उरलं? मी असतो तर जाऊ दिली असती."

सोनालीनं मान हलवली. "जाऊ दे मग."

बाकावर पेला ठेवल्याचा आवाज झाला. आई उठून गोणपाटापाशी आली. म्हातारपणानं तिचे हात हल्ली सतत कापायचे. चहाचे दोन थेंब मनगटावर होते, ते तिनं लुगड्याला पुसले.

"लोखंडाचं काय ते कर रे," ती चांगूला म्हणाली. "लाकडाला हात लावू नको."

तिनं रायफल उचलली. नळी रस्त्यावरून वळून मागच्या कोऱ्या भिंतीकडे गेली. कुंदा डाव्या खांद्यात बसला. मान जराशी कलली, सुरकुतलेला गाल खळीत उतरला आणि हातांची थरथर थांबली.

सोनालीच्या कानांवर बाबांचे दोन्ही तळवे आले.