रबरी वासरू

कंपनीचा माणूस गोठ्यात शिरला तेव्हा गाय रबरी वासराला चाटत होती. वासरू मान हलवत बारीक हंबरत होतं.

“मावशी, हे परत न्यायचंय. आता दूध टाक्यांतच तयार होतं. गाईचं घेणं बंद.”

“दूध नका घेऊ, वासरू राहू द्या,” सारजाबाई म्हणाली. “इंजेक्शनं टोचून तुम्हीच हिला न विता दुभती केली. पान्हा फुटंना, तर हे सोंग आणून बांधलं. आता हेच तिचं लेकरू झालंय.”

“अहो, मशीन आहे ते. जनावराला काय कळतंय?”

“माझा बाप मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढं ठेवायचा. तीही फसवणूकच. पण ते कुणी परत मागायला येत नव्हतं रे, मुडद्या!”

त्याने वासराच्या कानामागचं बटण दाबलं. हंबरणं थांबलं. नुकतं जन्मलेलं वासरू श्वास घेईना की गाय जशी चाटते, तशी ती जीव तोडून चाटू लागली. त्याने तिच्या जिभेखालून ते ओढलं आणि गाडीत नेऊन आदळलं.

गाय दाव्याला हिसके देत ओरडत राहिली. कास दगडासारखी तटतटली. सारजाबाईने बादली घेतली, पण धार येईना. गाईने पान्हा चोरला होता. दूध असंच तुंबलं तर कास सडणार होती.

सारजाबाईने बादली भिरकावली. ती गुडघ्यांवर बसली आणि वासरू देतं तशी कपाळाने कासेला ढुशी दिली. पुन्हा दिली.

बऱ्याच वेळाने तिच्या पांढऱ्या केसांवरून एक खरखरीत जीभ फिरली.