बेडकाची टिकटिक

गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. होडी वाळूवर ओढून ठेवली होती. नवरा मागच्या फळीशी उकिडवा बसून पेच काढत होता आणि बायको त्याच्याभोवती घिरट्या घालत होती.

"एका जागी बस की," तो म्हणाला.

"बसते," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

पाण्याची खोली सांगणारं यंत्र चार दिवस आकडा दाखवत नव्हतं. पडद्यावर नुसत्या रेघा. दोष पडद्यात आहे की खाली पाण्यात राहणाऱ्या तळहाताएवढ्या काळ्या डबीत, एवढंच बघायचं होतं. डबीचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून घरात तिला बेडूक म्हणत. बेडूक पाण्यात टिकटिक करतो, तळावर आपटून आलेला आवाज ऐकतो आणि त्यावरून खोली कळते. तो तपासायची रीत होड्यांची विजेची कामं करणाऱ्या तारवाल्याने शिकवली होती. कानाला लावायचा, बटण दाबायचं, टिकटिक आली तर जिवंत. मात्र कोरडा फार वेळ चालवायचा नाही, तापतो.

तारवाला शेजारच्याच होडीत डोकं खुपसून बॅटरी जोडत होता.

"दाब."

तिने बटण दाबलं. नवऱ्याने बेडूक कानाला लावला, डोळे मिटले. भुवया वर गेल्या, खाली आल्या.

"मेलाय."

ती दोन हात लांब होती. टिकटिक तिला स्वच्छ ऐकू येत होती, घड्याळासारखी. थट्टा करतोय असं तिला वाटलं. थट्टेची त्याला सवयच होती. पण तो बेडकाची तार गुंडाळायला लागला.

"काय मेलाय, दादा?" तारवाला हात पुसत आला आणि वाकला. "अहो, हा तर..."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खिशात उगाच काहीतरी शोधू लागला.

आठ दिवसांपूर्वी धुक्यात एक जहाज नवऱ्याच्या होडीला अगदी घासून गेलं होतं. तेव्हापासून घरात दोन्ही वेळा जेवताना त्या कप्तानाचा उद्धार चालला होता. भोंगा न वाजवता अंगावर येतात, माणसं आहेत की म्हशी. धक्क्यावर त्याने एकालाही सोडलं नव्हतं. ऐकणारे मान हलवत आणि दुसरीकडे बघत. त्यांचं ते दुसरीकडे बघणं तिला आत्ता आठवलं. तो रोज पहाटे एकटा मासेमारीला जात असे. उद्याही जाणार होता.

"अहो," ती म्हणाली, "त्या जहाजाने भोंगा वाजवला होता."

"तू होतीस का तिथे?"

"नव्हते. पण वाजवला होता."

तिचं बोट बटणावरच होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तारवाल्याकडे. तारवाला अजून खिसेच चाचपत होता. नवऱ्याने तार सोडली. बेडूक दुसऱ्या कानाला लावला. पुन्हा पहिल्या. मग बोटाचं टोक त्याच्यावर टेकवलं आणि तिथे त्याला ती सापडली, बारीक थरथर.

बराच वेळ त्याने बोट काढलं नाही.

"बंद कर," तो म्हणाला. "तापेल."

मग तिघांनी मिळून बेडूक पुन्हा बसवला. पकड सैल होऊन तो वर सरकला होता आणि इंजिनाच्या फेसात नुसती बडबड करत होता. जुनी भोकं राळेने बुजवली, बेडूक दोन बोटं खाली घेतला, तळाशी समांतर धरून पेच आवळले. होडी पाण्यात लोटली. पडद्यावर आकडा आला. बायकोने वल्हं उभं खुपसून पाहिलं, तर पाणी आकड्यापेक्षा वीतभर जास्त.

"ती वीत बेडकाच्या डोक्यावरची, वहिनी," तारवाला म्हणाला. "त्याला फक्त खालचं कळतं."



दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा निघाला आणि दारात थांबला. चपला घालतोय असं दाखवत म्हणाला, "चल."

"मी कशाला?"

"तू ऐक. मी बघतो."

त्यानंतर अकरा वर्षं ती होडीच्या पुढच्या टोकाला बसली. भोंगा आला की ज्या बाजूने आला त्या बाजूचा हात वर करायची. नवऱ्याने 'बहिरा' हा शब्द कधी उच्चारला नाही. कप्तानाला शिव्या देणंही सोडलं नाही, फक्त भोंग्याऐवजी दिवे लावत नाहीत म्हणून देऊ लागला. तो गेला तो घरच्या खाटेवर, दुपारी, तिचा हात धरून. होडी विकली गेली. विकण्याआधी तारवाल्याने बेडूक पडद्यासकट काढून तिला आणून दिला. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांमागे पडून राहिला.

परवा तारवाला आला होता. आता त्याचीही पाठ वाकली आहे. सहज म्हणून त्याने फळीवरचा बेडूक आणि त्याचा पडदा उतरवला, बॅटरीला जोडला, बटण दाबलं आणि हसला. "अजून जिवंत आहे, वहिनी."

तिने बेडूक एका कानाला लावला. मग दुसऱ्या.

"येतंय ना ऐकू?" तारवाल्याने मोठ्याने विचारलं.

तिने तो त्याच्या हातात ठेवला आणि त्याच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"तू ऐक," ती म्हणाली. "मी बघते."