बोटीचा वाटा

"साब, मच्छीवाली आई है. टोकरी भी है. ऊपर भेजूँ क्या?" वॉचमन इंटरकॉमवर विचारत होता.

जितेंद्रच्या कपाळाला आठी पडली. आजच यायचं होतं हिला? संध्याकाळी सोसायटीत त्याचा सत्कार होता. शाल कुठली, हार किती, हे ठरवायला सेक्रेटरी हंसाबेन घरात येऊन बसल्या होत्या. आणि हंसाबेन म्हणजे कांदासुद्धा न खाणारं माणूस.

"भेजो, भेजो," पायलने नवऱ्याच्या हातातून रिसीव्हर ओढून सांगून टाकलं.

सत्कार होता सुगंधाबाईच्या बोटीपायी. खाली आलेली मच्छीवाली ती हीच, उत्तनच्या कोळीवाड्यातली विधवा बाई. पावसाळ्यातल्या वादळात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली तिची बोट फुटली, इंजिन गेलं. जितेंद्रने तिच्यासाठी वेबसाईट काढली. आख्ख्या ऑफिसला ईमेल टाकले, ऑर्कुटवर ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना गाठलं. 'हॉटेलातलं एक जेवण चुकवा, एक बोट पाण्यात जाईल.' दोन महिन्यांत पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत एकशे त्रेचाळीस जणांनी पैसे दिले. दिवाळीआधी बोट पाण्यात गेली. पेपरात जितेंद्रचा फोटो आला. त्याने तो लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावला.

माणूस राबला होता, हे खरं. स्क्रीनकडे बघून बघून डोळे लाल व्हायचे. त्याचं श्रेय कुणी काढून घेत नाही. पण चांगलं काम हातून झालं की काहींच्या अंगाला खाज सुटते. घरी गॅसवाला आला तरी त्याला बोटीची गोष्ट ऐकूनच जावं लागे.

गेले पंधरा दिवस सुगंधाबाईचा एकच धोशा होता. "दादा, त्या मानसांचे पत्ते द्या ना." जितेंद्र टाळत होता. बाईला चटक लागली, हे त्याने ओळखलं होतं. आज इंजिन, उद्या जाळं, परवा घरावरचे पत्रे.

"हे लोक असेच असतात," तो पायलला म्हणाला होता.

"कुठले लोक?" पायलने विचारलं, तेव्हा त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

लिफ्टचं दार उघडलं आणि सुक्या बोंबलाचा वास माणसाच्या आधी घरात शिरला. हंसाबेननी पदर नाकाला लावला. सुगंधाबाई ठसठशीत हिरव्या लुगड्यात, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळून, लग्नाला निघाल्यासारखी आली. टोपली तिने थेट हॉलच्या मधोमध ठेवली. आत वर्तमानपत्रात बांधलेली पुडकी होती. लहान, मोठी. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

"पत्ते न्हाय दिलेत, म्हनून सगळीच उचलून आनली. अजून दोन टोपल्या खाली टेम्पोत हायेत. आता तुमीच पोचवा."

"काय आहे हे?"

"वाटा. आमच्यात बोटीत ज्याचा पैसा, त्याचा मासळीत वाटा. पैसा जास्त त्याचं पुडकं मोठं."

जितेंद्र हसला. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "मावशी, ती देणगी होती. ती परत करायची नसते."

"परत कोन करतंय? पैसा माझ्या बोटीत हाय, तो तिथंच ऱ्हाईल." सुगंधाबाईने कमरेवर हात ठेवला. "गावात म्हनतात, सुगंधानं भीक मागून बोट आनली. खलाशी चढायला लाजतात माझ्या बोटीवर. वाटेकरी हायेत म्हटलं की गप बसतील. वाटा पोचला न्हाय तर मात्र मी भिकारीनच."

जितेंद्रने वेगळंच विचारलं, "नावं कुठून मिळाली?"

"तुमच्याच बॅनरवरून उतरवून घेतली की."

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी त्याने किनाऱ्यावर फ्लेक्स लावला होता. वर त्याचा फोटो, नवरदेवाएवढा. खाली मुंगीच्या अक्षरात एकशे त्रेचाळीस नावं, प्रत्येकापुढे रक्कम.

सुगंधाबाईने पहिलं पुडकं उचललं. "हंसाबेन शाह."

हंसाबेन दचकल्या. "अरे बेन, मैं तो छूती भी नहीं!"

"नका खाऊ. कामवाल्या बाईला द्या. पन घ्यावा तर लागंलच. बोट तुमची हाय."

हंसाबेननी जरा विचार केला. मग नाकाचा पदर सोडला, तोच हातांवर पसरला आणि पुडकं घेतलं. "मतलब मैं भी बोटवाली?" म्हणाल्या आणि पोरीसारख्या खुदकन हसल्या.

"पायल जितेंद्र."

"तू कधी दिलेस?" जितेंद्र चकित झाला. बॅनरवरची खालची नावं त्याने कधी वाचलीच नव्हती.

"पहिल्याच दिवशी. पगारातून." पायलने पुडकं नाकाशी नेऊन डोळे मिटले. "आज कालवण."

दोघी खुशीत होत्या. जितेंद्रलाही आता बरं वाटायला लागलं. शेवटी हे सगळं कुणामुळे? त्याने सदरा नीट केला, हात पुढे केला.

"आणि माझं?"

सुगंधाबाईने टोपलीत पाहिलंसुद्धा नाही.

"दादा, यादी मी तीनदा वाचली. वर तुमचा फोटो हाय. खाली नाव न्हाय."

जितेंद्रचा हात तसाच राहिला. पायलने मान वळवून टीव्हीवरच्या फोटोकडे पाहिलं.

सुगंधाबाईला मात्र यात वावगं काही दिसत नव्हतं. तिने टोपलीच्या तळातून केळीच्या पानात गुंडाळलेले दोन ताजे पापलेट काढले आणि त्याच पुढे आलेल्या हातावर मायेने ठेवले.

"तुमाला मी इसरंन व्हय? सुकं वाटेकऱ्याला, ताजं पाहुन्याला. घ्या, तुमी आमचे पाहुने."