गुडघे सांभाळून

"खाली वाकायचं नाही, आंटीजी. गुडघे नको म्हणतात ना, मग नको."

गुरबचनसिंगने हे हिंदीत सांगितलं आणि शैलजाबाई भडकल्या. बाकीच्या बायका पाय फाकवून, गुडघे वाकवून कराटेचा पवित्रा घेत होत्या. त्यांनी मात्र ताठ उभं राहायचं. लाथ नाही, उडी नाही. वळताना पाऊलही वळवायचं, म्हणजे गुडघ्याला पीळ पडत नाही. फटका तळहाताने, जोर कमरेतून.

"मला म्हातारी समजतोस?"

"नाही जी. राग भरपूर आहे तुमच्यात. तो कमरेत आणा."

राग होताच. मागच्या वर्षी जालंधरहून येणारी बस खलिस्तानी अतिरेक्यांनी अडवली आणि शैलजाबाईंचे यजमान, विद्यापीठातले प्राध्यापक श्यामकांत, परत आले नाहीत. तेव्हापासून पगडी दिसली की त्यांच्या अंगाची लाही होई. सेक्टर एकवीसमधल्या एका गॅरेजात हा क्लास आहे असं कळलं, म्हणून त्या आल्या. शिकवणारा सरदार आहे, हे दारात पोचल्यावर समजलं. हट्टानेच थांबल्या. पहिला महिनाभर त्याला नमस्कारही केला नाही.

घरी येऊन त्या त्याच्या नावाने बोटं मोडत. चारुदत्त, त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला एकुलता एक मुलगा, ऐकून घेई. वडील गेल्यापासून त्याने कधी आवाज चढवला नव्हता. आईच्या गुडघ्यांना तेल चोळता चोळता तो विचारी, क्लास सुटतो कधी, मागे सर एकटेच असतात का, दिवे कोण बंद करतं. आईला अंधारात यावं लागू नये, ही काळजी. या घरात एक तरी डोकं थंड आहे, असं त्यांना वाटे.

डिसेंबरात आणखी एक बस अडवली गेली. दुसऱ्या दिवशी शहर बंद.

"आज जाऊ नकोस," चारुदत्त म्हणाला आणि मित्राकडे गेला.

दुपारभर त्या धुमसत राहिल्या. संध्याकाळी शाल गुंडाळून निघाल्या, गुरबचनला तोंडावर विचारायला. तो एकटाच सतरंज्या झटकत होता. त्यांनी तोंडाला येईल ते सुनावलं. तुम्ही लोक, तुमच्या बंदुका, तुम्ही पाडलेली मढी.

त्याने हातातली सतरंजी खाली ठेवली. मग म्हणाला, "माझ्या चाचाने अतिरेक्यांच्या बंदुका लपवून ठेवायला नकार दिला. त्यालाही त्यांनीच मारलं, जी."

 शैलजाबाईंचे डोळे भरले, ते त्याला दिसू नयेत म्हणून त्या मागच्या न्हाणीत तोंड धुवायला गेल्या.

बाहेर शटर खडखडलं. काहीतरी आपटलं. त्या धावत आल्या तर तोंडाला मफलर बांधलेले चौघे हॉकी स्टिक घेऊन आत शिरले होते. गुरबचन जमिनीवर, पगडी सुटलेली. एकाने त्याच्या डोक्यावर स्टिक उगारली होती.

त्यांचं पाऊल वळलं, कंबर वळली. वर्षभराचा सगळा राग तळहातातून त्या पोराच्या जबड्यावर बसला. तो भिंतीवर आदळून खाली घसरला. मफलर सुटला.

ओठावरचं रक्त पुसत तो उठला. स्टिक त्याने सोडली नव्हती.

"आई, बाजूला हो," चारुदत्त शांतपणे म्हणाला.