पाच टाके

"हा सतरा नंबरचा तुकडा सोडव आणि त्या गुंडीच्या पानावर शिव," मोठ्या बाई म्हणाल्या. "पाहुण्यांच्या खोलीत सतराची आई येऊन बसलीय. पाव तास आहे तुझ्याकडे."

शिवणबाईने आधी उघड्या रजिस्टरकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. अनाथाश्रमातल्या प्रत्येक मुलीच्या पानावर गेली चौदा वर्षं तिचाच हात फिरत होता. मूल सोडून जाणारी आई फाटकाशी एखादं कापड टरकावायची. अर्धं स्वतःजवळ ठेवायची, अर्धं मुलीच्या पानावर दाभणाने शिवलं जायचं. पाच टाके, काळा दोरा. आईला नंबर सांगत नसत, नावही नाही. ती कधी परत आलीच, तर तिच्यासमोर पान उघडायचं, फाटक्या कडा जुळवायच्या, टाके कापायचे आणि मुलगी हाती द्यायची.

शिवणबाईही इथलीच. ती तीन वर्षांची असताना तिची आई तिला न्यायला आली होती. दोन अर्ध्यांचा जोडलेला निळा रुमाल अजून घरी होता, आणि म्हातारी तो आल्यागेल्याला दाखवायची. "माझ्या पोरीचा तुकडा तिथल्या बाईने दोनदा शिवला होता. सुटू नये म्हणून! एवढी माया कोण करतं हो?" टाक्यांच्या त्या भोकांवर बोट ठेवत शिवणबाई दहापर्यंत मोजायला शिकली होती. त्या न पाहिलेल्या बाईपायीच तिने पुढे सुई हातात धरली. दोनदा शिवायची रीत मात्र तिला रजिस्टरात कुठेच दिसली नव्हती. आपल्यावरच त्या बाईचा विशेष जीव असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

समोरचं पान सतरा नंबरचं होतं. त्यावर हिरव्या पट्ट्यांच्या चादरीचा तुकडा. सतरा नंबर नऊ दिवसांपूर्वी तापाने गेली. चार वर्षांची होती. त्या रांगेतल्या आणखी सहा खाटांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. आठवी खाट गुंडीची, तीही चारेक वर्षांची.

"बाई, हिची मुलगी गेली. तसं सांगू या ना तिला."

"सांगू या की. मग ती फाटकाशी ऊर बडवील. मग कुणीतरी विचारील, महिन्याभरात किती गेल्या? मग चौकशी, मग दाराला टाळं. उरलेल्या साठजणींना तू घरी नेणार आहेस?" मोठ्या बाईंचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "दोन महिन्यांचं पोर सोडून गेली होती ती. चेहरा काय डोंबल आठवणार? आणि गुंडीचं पान कोरं, तुकडाच नाही. तिला न्यायला जन्मात कुणी यायचं नाही. हे काही पहिल्यांदा होत नाहीये इथे. तुला तरी वेगळं सांगायला नको."

शेवटचं वाक्य शिवणबाईच्या डोक्यावरून गेलं. शिलाई मशीनखालून गुंडीने डोकं बाहेर काढलं. तिच्या मुठीत नेहमीसारखी बटणं होती.

"मला आंघोळ का घातली? आज रविवार आहे?"

शिवणबाईने टाके कापले. तुकडा उचलून कोऱ्या पानावर धरला. जुन्या भोकांत दोरा धरेना, कापड विरायला लागलं होतं. तिने बोटभर खाली सरकून नवे पाच टाके घातले. हात सरावाने चालला.

व्हरांड्यातून जाताना तिचा निश्चय झाला. नोकरी गेली तर गेली. मेलेल्या लेकरासाठी रडायचा हक्क तरी या बाईला मिळायला हवा.

खोलीत ती आई बाकाच्या अगदी कडेला बसली होती. साबणाने चिरलेले हात. मांडीवर घडी केलेला फ्रॉक, खाली चांगली चार बोटं दुमड.

"वाढत्या अंगाचा शिवलाय," ती घाईघाईने म्हणाली. "मापाचा अंदाजच नव्हता हो. मोठी झाली असेल ना?"

मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे, व्हरांड्यात, गुंडी फरशीवर बटणं मांडत होती. शिवणबाईने पान उघडलं. बाईने कनवटीचा तुकडा काढून शेजारी ठेवला. पट्ट्याला पट्टा भिडला.

"ताई," शिवणबाईने कात्री खाली ठेवली, "टाके कापायच्या आधी मला तुम्हाला एक सांगायचंय."

बाईने मान वर केली नाही. तिचं बोट कापडावरून फिरत होतं. मध्येच ते थांबलं.

"हे काय? वर पाच भोकं रिकामीच आहेत. टाके त्यांच्या खाली."

शिवणबाईने वाकून पाहिलं. वर पाच, खाली पाच. एक ते दहा. तिला न मोजता कळलं.

तिने दाराकडे पाहिलं. मोठ्या बाई तिच्याकडेच बघत होत्या, शांतपणे, जणू त्यांना हे कधीपासून ठाऊक होतं. खालच्या कपाटात, जुन्या रजिस्टरात, नुसत्या पाच भोकांचं एक पान असणार. निळ्या रुमालाच्या आईची खरी मुलगी, कधीच गेलेली, त्या पानावर होती. आणि घरी खिडकीशी ती आई आत्ता शिवणबाईची वाट पाहत बसली असेल.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात," बाई म्हणाली. "कसली ही भोकं?"

शिवणबाईने कात्री उचलली.

"दोनदा शिवलाय, ताई," ती म्हणाली. "सुटू नये म्हणून."